ब्रिटनमधले किल्ले, मठ आणि रोमन भिंत : चौघांसाठी दोन आठवड्यांची बेताच्या खर्चातली आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचं कुटुंब, नवरा-बायको, १० वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या आई. मे महिन्यात दोन आठवडे ब्रिटनला जायचं आहे. खरेदीत आणि चित्रपटांच्या स्टुडिओत कुणालाच रस नाही, जुन्या वास्तू बघायच्या आहेत. टूर कंपनीचं पॅकेज परवडत नाही, आणि त्यात किल्ले बसच्या खिडकीतूनच दिसतात. यादीत स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड, लंडन टॉवर, वेल्सचे किल्ले, रोमन सम्राट हेड्रियनची भिंत आणि एडिंबरा आहे. हे सगळं कमी खर्चात कसं बसवायचं?

सगळं बसणार नाही, आणि बसवूही नका. मी उत्तर इंग्लंडात राहते आणि मराठी कुटुंबांच्या अशा सहली बरीच वर्षं आखून देते आहे. लोक प्रवेशशुल्काचे आकडे बघून घाबरतात. प्रत्यक्षात पैसा जातो तो जागा बदलण्यात. मुक्काम हलवला की चार जणांची लांब पल्ल्याची तिकिटं आली, अर्धा दिवस सामान ओढण्यात गेला, घाईत बाहेरचं जेवण आलं, आणि एका रात्रीसाठी मिळेल ती खोली मिळेल त्या भावाला घेणं आलं. चौघांच्या एखाद्या किल्ल्याच्या तिकिटांपेक्षा ऐनवेळी काढलेलं लंडन-यॉर्क गाडीचं एका माणसाचं तिकीट महाग पडू शकतं. म्हणून आधी नकाशावर एक रेघ निवडावी आणि त्या रेघेवर जे आहे तेच मनापासून बघावं.

तुमच्यासाठी मी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनापासून एडिंबऱ्यापर्यंतची रेल्वे निवडेन. साधारण ६३० किलोमीटरच्या या एका मार्गावर यॉर्क, डरहॅम, न्यूकॅसल आणि एडिंबरा ओळीनं येतात. रोमन, सॅक्सन, नॉर्मन, मध्ययुगीन, स्कॉटिश असा सगळा इतिहास त्यात येतो, आणि एकदाही मागं फिरावं लागत नाही. विमानाचं तिकीट येताना मुंबई-लंडन आणि जाताना एडिंबरा-मुंबई असं काढा. आखाती कंपन्या एडिंबऱ्याहून उडतात. अशा तिकिटाचा भाव लंडनहून लंडनला परतीच्या तिकिटाच्या आसपासच असतो, आणि चौघांचं एडिंबरा-लंडन परतीचं रेल्वेभाडं वाचतं.

स्टोनहेंज, बाथ आणि ऑक्सफर्ड पश्चिमेला, वेल्सचे किल्ले त्याहून लांब. वेल्समधले कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेक, बोमॅरिस हे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले किल्ले अप्रतिम आहेत, पण ती स्वतंत्र सहल आहे. पुढच्या वेळी मँचेस्टरला उतरा आणि आठवडाभर तिकडंच राहा. स्टोनहेंज सोडायला जीव होत नाही हे मला कळतं. पण लंडनहून तिथं जाऊन दोरीच्या पलीकडून दगड बघून परत यायला आख्खा दिवस जातो, आणि १० वर्षांच्या मुलाला त्या दिवसात डोव्हरचा किल्ला कितीतरी जास्त देऊन जाईल. त्याबद्दल पुढं सांगते.

आता तारखा. एप्रिल-मेच्या शाळेच्या सुट्टीत येणाऱ्यांनी मेचा दुसरा आणि तिसरा आठवडा धरावा. पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना मधली सुट्टी असते. या दोन्हींच्या मधले दिवस स्वस्त असतात. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, त्यामुळं पाच वाजता किल्ला बंद झाला तरी तटबंदीवरून, नदीकाठानं फुकट भटकायला चार तास हातात राहतात. हा उजेड फार मोलाचा आहे. नोव्हेंबरात स्वस्त विमान मिळालं म्हणून आलेली मंडळी चार वाजता अंधारात हॉटेलवर परततात, आणि त्या दिवसांत कित्येक वास्तू फक्त शनिवार-रविवारी उघड्या असतात. शाळेचं बंधन नसलेल्यांनी मात्र सप्टेंबरात यावं. त्या महिन्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये वारसास्थळांचे खुले दिवस असतात आणि एरवी बंद असलेल्या इमारतीसुद्धा विनामूल्य बघायला मिळतात.

वारांची मांडणीही पैसे वाचवते. बुधवारी लंडनला उतरा आणि तिथं चार रात्री राहा. रविवारी यॉर्क, तीन रात्री. बुधवारी न्यूकॅसलजवळचं, रोमन भिंतीलगतचं हेक्सॅम, चार रात्री. पुढच्या रविवारी एडिंबरा, तीन रात्री, आणि बुधवारी विमान. यॉर्क आणि एडिंबरा ही शनिवार-रविवारी सहलीला येणाऱ्यांची गावं आहेत. तिथं शुक्रवार-शनिवारच्या रात्री भाव चढतात, रविवारी रात्री उतरतात. यॉर्कला मेच्या मध्याला बुधवार ते शुक्रवार घोड्यांच्या शर्यती असतात, तेव्हा तर खोली मिळता मिळत नाही. त्या सुरू व्हायच्या आत, बुधवारी सकाळीच तुम्ही गाव सोडलेलं असेल. एकच सांभाळा: रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बसनं नेतात. तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघून घ्या.

फेब्रुवारी महिना तुमचा कामाचा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ३ महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात. स्कॉटलंडला वेगळा व्हिसा लागत नाही. मुलाची फी मोठ्यांइतकीच असते, ती बजेटात धरा. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठंही गुंतवू नका. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. रेल्वेची ॲडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी खुली होतात, रविवारची कधी कधी उशिरा. म्हणजे व्हिसा येतो त्याच सुमाराला तिकिटं निघालेली असतात. ती तिकिटं ठरलेल्या गाडीचीच असतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत, पण गाडी सुटण्याआधी शुल्क आणि भाड्यातला फरक भरून वेळ बदलता येते. तिकीट रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा, तिथं वरचं शुल्क लागत नाही.

तिकिटाआधी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या. किंमत ३५ पौंड, मुदत वर्षभर, परदेशी पाहुण्यांनाही मिळतं. एका कार्डावर ४ मोठी माणसं आणि ५ ते १५ वयाची ४ मुलं प्रवास करू शकतात. मोठ्यांना भाड्यात एक तृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. अट एवढीच की प्रत्येक प्रवासात एक तरी मूल सोबत असलं पाहिजे, आणि कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांपैकी एक तरी जण. लंडनच्या आसपासच्या प्रवासात कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही. लंडन-यॉर्कच्या एकाच प्रवासात कार्डाचे बहुतेक पैसे सुटतात. आईंसाठी वेगळं सीनियर कार्ड काढू नका, त्या याच कार्डात बसतात. देशभर चालणारा ब्रिटरेल पास मात्र घेऊ नका. रोज लांब अंतर कापणाऱ्याला तो परवडतो. तुम्ही चार-पाचच मोठे प्रवास करणार आहात आणि ते आधी ठरलेले आहेत.

गाडीत बसताना उजव्या हाताच्या खिडक्या मागा. डरहॅमला कॅथेड्रल आणि स्कॉटलंडच्या हद्दीजवळच्या बेरिक गावाच्या आधी-नंतर समुद्र, दोन्ही उत्तरेकडं जाताना त्याच बाजूला दिसतात.

आता वास्तूंच्या पासविषयी. इंग्लिश हेरिटेज ही संस्था इंग्लंडातल्या ४०० हून अधिक स्थळांची व्यवस्था बघते, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त मुळातच विनामूल्य आहेत. तिकीट असलेल्या शंभराहून अधिक ठिकाणांसाठी परदेशी पाहुण्यांना ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो. कुटुंबाच्या पासात दोन मोठे आणि मुलं येतात, आईंचा वेगळा काढावा लागेल. हे ९ दिवस सलग मोजतात, म्हणून सुरुवात कुठून करायची ते महत्त्वाचं. लंडनच्या मुक्कामातल्या शनिवारी डोव्हरला पास सुरू करा. तिथून नवव्या दिवशी, रविवारी, तुम्ही हेक्सॅमहून एडिंबऱ्याला निघालेले असाल. म्हणजे डोव्हर, यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर, व्हिटबीचा मठ आणि रोमन भिंतीवरची हाउसस्टेड्स, चेस्टर्स ही ठाणी आणि भिंतीजवळचं कॉर्ब्रिज एवढं सगळं एका पासात येतं. तरी पास घेण्याआधी या सहा ठिकाणांची त्या वर्षीची तिकिटं मांडून बेरीज करा, आणि शेजारी वार्षिक सभासदत्वाची किंमतही लिहा. सभासदाबरोबर मुलं विनामूल्य येतात आणि पहिल्या वर्षी स्कॉटलंड-वेल्सच्या सरकारी वास्तूंवर निम्मी सूट मिळते. त्यामुळं एखाद्या कुटुंबाला सभासदत्वच स्वस्त पडतं. हा हिशेब दरवर्षी बदलतो, मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सल्ल्यावर जाऊ नका.

लंडनमध्ये हीथ्रोहून एक्सप्रेस गाडी सोडून पिकाडिली किंवा एलिझाबेथ लाइननं या. प्रत्येक मोठ्या माणसाकडं स्वतःचं कॉन्टॅक्टलेस कार्ड हवं, एकाच कार्डावर तिघांना आत जाता येत नाही. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती आपोआप लागू होते. ११ वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वे आणि बस विनामूल्य आहे. बस तर फारच स्वस्त, पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच.

लंडनमध्ये ज्याचे पैसे द्यायचे ते एकच: टॉवर. महाग आहे, पण पांढरा मनोरा ११ व्या शतकातला, कोहिनूर तिथं, आणि मुलगा दिवसभर हलणार नाही. बाकीचं लंडन फुकट बघता येतं. टॉवर हिल स्टेशनाबाहेरच रोमन भिंतीचा मोठा तुकडा उभा आहे. तिथून चालत वॉलब्रूकवरचं जमिनीखालचं मिथ्रस देवाचं मंदिर आणि गिल्डहॉलच्या कलादालनाखालचं रोमन रंगमंडल बघा. दोन्हींना प्रवेशशुल्क नाही, मंदिराची वेळ तेवढी आधी नोंदवा. सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत दिवसा तिकीट भरपूर आहे, पण संध्याकाळच्या इव्हनसाँग प्रार्थनेला कुणीही विनाशुल्क बसू शकतो. फोटो काढायचे नाहीत, शांत बसायचं, आणि त्या कमानींखाली गायन कसं घुमतं ते ऐकायचं. कॅथेड्रल कशासाठी बांधलं ते तिकीट काढून फिरण्यापेक्षा असं बसल्यावर जास्त कळतं, असं माझं मत आहे.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिवरायांच्या नावाशी जोडलेली वाघनखं बघायची म्हणून बरेच मराठी लोक जातात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आहेत, त्यामुळं फक्त त्यासाठी जात असाल तर आधी खात्री करा. टिपूचा वाघ मात्र तिथंच आहे. एक सकाळ आपल्या माणसांसाठी ठेवा. चॉक फार्म स्टेशनाजवळ १० किंग हेन्रीज रोड हे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनाजवळ १० हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथं राहत होते अशी पाटी आहे. ती बाहेरूनच बघायची.

ब्रिटिश म्युझियममध्ये सगळं बघायचा हट्ट धरू नका. ४९ क्रमांकाच्या दालनात जा आणि हेड्रियनच्या भिंतीजवळच्या व्हिंडोलांडा या रोमन ठाण्यातल्या लाकडी पट्ट्या शोधा. पोस्टकार्डाएवढ्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली ही रोमन सैनिकांची पत्रं, इसवी सन १०० च्या सुमाराची, १९७३ पासून उत्तरेकडच्या चिखलात सापडत आहेत. त्यांतलं एक क्लॉडिया सेव्हेरा या बाईंचं मैत्रिणीला पाठवलेलं निमंत्रण: ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, नक्की ये. मजकूर लेखनिकाच्या हातचा आहे, पण शेवटच्या ओळी बाईंनी स्वतः लिहिल्यात. दुसऱ्या एका पत्रात कुणाला तरी पायमोजे आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे. मुलाला हे आधी दाखवा, कारण आठवड्याभरानं तो त्याच जागी उभा असणार आहे.

शनिवारचं डोव्हर. सेंट पँक्रासहून वेगवान गाडीनं तासाभराचा रस्ता. दुसऱ्या हेन्रीनं ११८० च्या दशकात बांधलेला मोठा बुरूज आतून रंगीत पडद्यांनी, आसनांनी त्या काळासारखा सजवला आहे. खालच्या कड्यात बोगदे आहेत, १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य परत आणण्याची मोहीम तिथूनच चालवली गेली. शनिवार असल्यानं रेलकार्डही चालतं. स्टेशनापासून चढ आहे, आईंसाठी टॅक्सी करा.

यॉर्कला सगळ्यात चांगली गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे गावाभोवतीचा तट. सुमारे ३.४ किलोमीटरची ही मध्ययुगीन भिंत चालत फिरता येते. आईंना सगळी नको असेल तर बूथम बार ते मंक बार एवढाच तुकडा घ्या, मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं भव्य कॅथेड्रल, तिथून सगळ्यात देखणं दिसतं. म्युझियम गार्डन्समध्ये रोमन बुरूज आणि सेंट मेरीज मठाचे अवशेष विनाशुल्क बघता येतात. रेल्वे म्युझियमही विनामूल्य, १९३८ साली ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारं मॅलार्ड इंजिन तिथलं. मिन्स्टरच्या बाहेर कॉन्स्टंटाइनचा पुतळा आहे. ३०६ साली त्याला रोमन सम्राट म्हणून घोषित केलं ते याच गावात. आत इव्हनसाँगला जा, वार आणि वेळ बघून.

यॉर्कहून एक दिवस ८४० क्रमांकाच्या बसनं मूर, म्हणजे उघडं माळरान, ओलांडून व्हिटबीला जा. इंग्लंडात बहुतेक स्थानिक बसना एका प्रवासाला ३ पौंडांची कमाल मर्यादा २०२५ पासून लागू आहे. ती सुरू आहे ना ते तेवढं बघून घ्या. या बसची वरच्या मजल्याची पुढची जागा मिळाली तर तो दिवस तिथंच वसूल झाला समजा. व्हिटबीचा मठ समुद्रावरच्या कड्यावर आहे. खालून १९९ पायऱ्या, किंवा मागच्या रस्त्यानं टॅक्सी. छत नसलेला, नुसत्या कमानी उरलेला हा मठ बघून मुलगा विचारेल, पाडला कुणी? आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० दरम्यान देशातले मठ बंद केले, जमिनी आणि संपत्ती ताब्यात घेतली. छपरांचं शिसं मौल्यवान, ते उतरवून वितळवून विकलं. छप्पर गेल्यावर पावसानं आणि दगड नेणाऱ्या गावकऱ्यांनी पुढचं काम केलं. हे एकदा समजलं की इंग्लंडातला प्रत्येक भग्न मठ वाचता येतो.

हेक्सॅम हे गाव टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात सहसा नसतं, म्हणूनच परवडतं. न्यूकॅसलहून लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आत. बाजारचौकात हेक्सॅम ॲबी आहे, प्रवेश विनामूल्य, पेटीत यथाशक्ती टाका. जिन्याजवळ भिंतीशी एक उंच दगड उभा केलेला दिसेल. त्यावर घोड्यावर बसलेला, शिरस्त्राणावर पिसं लावलेला निशाणधारी, आणि घोड्याच्या पायाखाली दबलेला एक दाढीवाला स्थानिक माणूस. हा फ्लॅविनस. २५ व्या वर्षी, ७ वर्षांच्या नोकरीनंतर मेला, असं खाली लॅटिनमध्ये कोरलंय. हा दगड सॅक्सन आणि पुढच्या बांधकाम करणाऱ्यांनी जवळच्या कॉर्ब्रिजच्या रोमन वस्तीतून आणलेल्या ढिगातला. जमिनीखालच्या सातव्या शतकातल्या तळघरात उतरता आलं तर जरूर उतरा, वेळ तिथंच विचारा. अरुंद आहे, पण भिंतींच्या दगडांवर रोमन नक्षी आणि अक्षरं हाताशी दिसतात. ज्यांचं साम्राज्य गेलं त्यांच्या दगडांतून पुढच्यांनी देऊळ उभं केलं, हे इतक्या जवळून इतरत्र क्वचितच दिसतं.

भिंतीवर जायला हेक्सॅम स्टेशनाहून एडी १२२ क्रमांकाची बस आहे. इसवी सन १२२ मध्ये हेड्रियननं भिंतीचं काम सुरू केलं, तोच या बसचा क्रमांक. ती फक्त हंगामात धावते आणि फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून तारखा बघूनच मुक्काम ठरवा आणि परतीची शेवटची बस कागदावर लिहून ठेवा. एका दिवसात दोनच ठिकाणं घ्या. पहिल्या दिवशी हाउसस्टेड्स आणि व्हिंडोलांडा. हाउसस्टेड्सला वाहनतळापासून वर चढ आहे, गवताचा, दहा-पंधरा मिनिटांचा. राजगड-तोरणा केलेल्यांना काहीच वाटणार नाही, आईंनी मात्र सावकाश. किल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात सैनिकांचं शौचालय आहे, वाहत्या पाण्याचे पाट आणि टाक्या अजून जागेवर. मुलं तिथंच सगळ्यात जास्त रमतात. मग भिंतीच्या काठानं पश्चिमेकडं थोडं चाला. भिंतीच्या काठानं चालायला, ती बघायला कुठलंही तिकीट नाही.

व्हिंडोलांडा वेगळ्या न्यासाचं आहे, तुमच्या पासात येत नाही. तरी तिथं तिकीट काढा. उन्हाळी हंगामात स्वयंसेवक प्रत्यक्ष उत्खनन करत असतात आणि दोरीपलीकडून ते बघता येतं. ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीमुळं लाकूड आणि चामडं टिकलं. म्युझियममध्ये सैनिकांचे, बायकांचे, लहान मुलांचे जोडे रांगेनं मांडलेले आहेत. लंडनमध्ये पाहिलेल्या पट्ट्या याच मातीतल्या.

दुसऱ्या दिवशी चेस्टर्स. हे घोडदळाचं ठाणं सपाट, नदीकाठी, आईंसाठी सगळ्यात सोयीचं. स्नानगृहाच्या भिंती चांगल्याच उंच उरल्या आहेत. भिंत आज इतकी शिल्लक आहे त्याचं श्रेय बऱ्याच अंशी जॉन क्लेटन यांना जातं. न्यूकॅसलचे टाउन क्लार्क, म्हणजे पालिकेचे मुख्य अधिकारी, असलेल्या या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात शेतं विकत घेऊन घेऊन दगड नेणं थांबवलं. त्यांचा संग्रह चेस्टर्सच्या छोट्या म्युझियममध्ये आहे.

हेक्सॅमच्या मुक्कामातला चौथा दिवस, शनिवार, डरहॅमचा, न्यूकॅसलला गाडी बदलून. कॅथेड्रलचं काम १०९३ मध्ये सुरू झालं, प्रवेशाला सक्तीचं शुल्क नाही. खांबांवरच्या खोल नक्षीला हात लावून बघा. शेजारचा किल्ला विद्यापीठाचं वसतिगृह आहे. सत्र चालू नसतं तेव्हा तिथल्या खोल्या पाहुण्यांना देतात, नाश्ता मोठ्या दालनात. मेमध्ये मुलं राहत असतात, त्यामुळं तुम्हाला जमणार नाही, पण जुलैनंतर येणाऱ्यांनी जरूर बघावं. किल्ल्यात झोपायचा खर्च साध्या हॉटेलाच्या आसपास येतो.

मुक्कामाबद्दल एक व्यावहारिक अडचण: स्वस्त साखळी हॉटेलांच्या फॅमिली खोलीत दोन मोठे आणि दोन मुलं बसतात, तीन मोठे नाहीत. म्हणून तुम्ही लंडन आणि एडिंबऱ्यात दोन खोल्या, आणि यॉर्क-हेक्सॅमला स्वयंपाकघर असलेलं छोटं घर असं करा. सात रात्री घरी वरण-भात झाला की आईंची प्रकृतीही सांभाळली जाते आणि खिसाही. यूथ हॉस्टेलांतही कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या आणि सामाईक स्वयंपाकघर असतं, नावावरून दचकू नका. सामानात पोह्यांचा चिवडा, मेतकूट, लाडूंऐवजी चिक्की ठेवा. तूप, पेढे, पनीर असे दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. दुपारी सुपरमार्केटमधलं मील डील घ्या, सँडविच, खाऊ आणि पेय एकत्र, त्यात शाकाहारी प्रकार भरपूर. बटाटा आख्खा भाजून त्यावर चीज किंवा बीन्स घातलेला जॅकेट पोटॅटो किल्ल्यांच्या कॅफेत बहुतेक ठिकाणी मिळतो. पाण्याची बाटली सोबत ठेवा, नळाचं पाणी पिण्याचंच असतं.

एडिंबऱ्यात आणि आसपास स्कॉटलंडच्या सरकारी वास्तूंचा वेगळा एक्सप्लोरर पास आहे. एडिंबरा आणि स्टर्लिंग हे दोन्ही मोठे किल्ले बघणार असाल तरच तो घ्या. एकच बघायचा झाला तर मी स्टर्लिंग सांगेन. एडिंबऱ्याचा किल्ला बाहेरून, प्रिन्सेस स्ट्रीटवरून जितका भव्य दिसतो तितकी आत गर्दी असते. स्टर्लिंगला स्कॉटलंडच्या स्टुअर्ट राजांचा महाल, रंगवलेली छतं, आणि तटावरून १३१४ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये बॅनकबर्नची लढाई झाली तो मुलूख समोर. स्टर्लिंगच्या काही गाड्या लिन्लिथगोला थांबतात. तिथं उतरून तळ्याकाठचा महाल बघा, १५४२ साली स्कॉटलंडच्या राणी मेरीचा जन्म तिथं झाला. छप्पर नाही, पण जिने आणि दालनं भटकायला मिळतात, मुलाला मनसोक्त पळू द्या. स्कॉटरेलनं १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडं काढून टाकलंय, त्यामुळं सकाळीच निघायला हरकत नाही. ३ पौंडांची बसमर्यादा मात्र इंग्लंडपुरती, इथं लागू नाही. गावात नॅशनल म्युझियम आणि चित्रांची नॅशनल गॅलरी विनामूल्य, आणि आर्थर्स सीट ही टेकडी कुणालाही कधीही चढायला खुली.

एडिंबऱ्याच्या मुक्कामात आणखी एक खर्च धरा. २४ जुलै २०२६ पासून तिथली पालिका पहिल्या पाच रात्रींच्या मुक्कामावर ५ टक्के कर घेते. हॉटेलचे भाव तुलनेला घेताना तो आत धरलाय की वेगळा, हे बघूनच खोली नोंदवा.